बारा फुल्या

“आये, ते बायला आयकू येत नाय.”

मी दाराच्या आतल्या बाजूला उभी होते, हातात रिपोर्टचा कागद. बाहेर बाकावर आठ वर्षांची मंजुळा आईच्या कानाशी लागून हे सांगत होती आणि ‘ते बाय’ म्हणजे मी होते. कान तपासायच्या केंद्रात, कान तपासणाऱ्या बाईबद्दल. दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर मी हसले असते.

“गप गो,” तिची आई हिराबाई म्हणाली. “तिना आयकलं तं?”

“नाय आयकायची. मी घोरा बोललू, तिना फुली मारली. परत घोरा बोललू, परत फुली. काचेतून दिसतं ना मना.”

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. पंचवीस शब्द, तेरा बरोबर, बारा फुल्या. ‘घोडा’ या शब्दापुढे माझ्याच अक्षरात फुली होती. मी बाहेर गेले नाही. आत वळले आणि खुर्चीवर बसले.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा संपादकांनी ‘तुमच्या कामातल्या गमतीजमती’ असं सुचवलं होतं. गमती आहेत, त्या सांगते. पण गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या कामात जे एक वाक्य मला सगळ्यात नीट ऐकू आलं ते हेच, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली.

ठाण्याला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका धर्मादाय ट्रस्टची दुमजली इमारत होती, तिच्या वरच्या मजल्यावर आमचं केंद्र. ऐंशीचं दशक संपत आलेलं तेव्हा मी तिथे लागले. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस आम्ही दोघी, बर्वेबाई आणि मी. बर्वेबाई पन्नाशीच्या, तीस वर्षं हेच काम केलेल्या. पेशंटशी त्या इतक्या स्वच्छ, ठसठशीत मराठीत बोलत की अर्धे बहिरे नुसत्या त्यांच्या ओठांवरून समजून घेत.

कान तपासतात म्हणजे काय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक छोटी खोली, भिंतींना आतून जाड जाजम ठोकलेलं, दार लावलं की रस्त्यावरचा आवाज बंद. आत पेशंट, कानावर हेडफोन. बाहेर मी, समोर यंत्र, मध्ये काच. यंत्रातून मी बारीक शिट्टीसारखे आवाज पाठवते, कधी जाडे, कधी पातळ, हळूहळू कमी करत. ऐकू आलं की पेशंटनं बोट वर करायचं. त्याचा आलेख काढायचा, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. ही फुली म्हणजे चूक नव्हे, ती नुसती डाव्या कानाची खूण. दुसरी फुली वेगळी. शिट्ट्या झाल्यावर मी माईकवरून पंचवीस शब्द म्हणते आणि पेशंटनं ते जसेच्या तसे परत म्हणायचे. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी फुली. कारण आवाज येणं वेगळं आणि शब्द कळणं वेगळं. काहींना शिट्टी ऐकू येते पण शब्द विस्कटतो, आणि तसं असेल तर दुखणं आत कानाच्या नसेपर्यंत गेलेलं असू शकतं.

मला हे काम आवडायचं त्याचं कारण सांगायला थोडं अवघड आहे. मला बोलायला आवडत नाही. इथे काचेपलीकडचा माणूस बोलायचा आणि मी खुणा करायचे.

आम्ही डोंबिवलीला कोपरच्या बाजूला राहायचो. बाबांनी हौसेनं मला इंग्रजी शाळेत घातलेलं. शाळेत मराठी बोलताना सापडलं की फळ्यावर नाव लिहायचे. घरी उलटं. बाबा साताऱ्याकडचे, सरकारी कचेरीत कामाला, शुद्ध बोलण्याबद्दल फार कडक. शाळेतल्या मैत्रिणींसारखं मी ‘शाला’ म्हटलं की ते जेवता जेवता घास खाली ठेवत. “शाळा. जीभ मागे वळव. काळ्या माळावर पिवळी केळी. म्हण दहा वेळा.” मी म्हणायचे. डोळ्यांत पाणी यायचं, पण ळ आला. शाळेत मराठीची भीती आणि घरी चूक होण्याची, म्हणून मी गप्प राहायला शिकले. आणि तो ळ मला इतक्या कष्टानं मिळालेला होता की दुसऱ्याच्या तोंडात तो नसला तर मला लगेच कळायचं.

आता गमती.

माजिवड्याकडच्या एका कारखान्यातून एक कामगार आला. पत्रे ठोकणाऱ्या यंत्रावर होता. त्याला दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही असं तो खुणांनी सांगत होता. तसा कागद मिळाला की त्याला गोदामात बसून काम मिळणार होतं. कितीही मोठा आवाज दिला तरी बोट वर नाही. बर्वेबाई त्याच्या मागून खुर्ची सरकवत गेल्या आणि माझ्याशी बोलल्यासारखं पुटपुटल्या, “यांच्या शर्टाचं खालचं बटण तुटलंय वाटतं.” त्यानं पटकन खाली पाहिलं. मग स्वतःच हसला. “सॉरी मॅडम.” बर्वेबाईंनी त्याला परत आत बसवलं, म्हणाल्या, आलाच आहात तर आता खरं खरं बोट वर करा. त्यानं केलं, आणि आलेख काढताना माझा हात थांबला. पातळ आवाज त्याला खरोखरच येत नव्हते. यंत्राच्या दणक्यानं कान मरायला लागले होते, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी कारखान्याला पत्र दिलं, त्या खात्यातल्या सगळ्यांना कानात घालायचे बोळे मिळाले. दोन महिन्यांनी तो पेढे घेऊन आला. “खोटं बोलायला आलेलो मॅडम, खरं घेऊन गेलो.”

त्या दिवशी चहा पिताना आमचा वाद झाला. मी म्हटलं, त्यानं फसवायचाच प्रयत्न केला होता, त्याला पेढे वाटायचा हक्क कसला? बर्वेबाई म्हणाल्या, “अगं, पण त्याच्या त्या खोटेपणामुळे चाळीस माणसांचे कान वाचले ना?” मी म्हटलं, वाचवायचे म्हणून नाही आला तो. तेव्हा मी असं मोजायचे. मनात काय होतं ते पाहायचं, पुढे काय झालं तो नशिबाचा भाग. मनानं मी चांगली आहे अशी माझी खात्री होती, म्हणून हे माप मला सोयीचं होतं.

दुसरे एक आजोबा होते, शहाडचे. सून त्यांना दर महिन्याला यंत्र साफ करायला घेऊन यायची, कानामागे लावायचं ते. एकदा ती खाली औषध आणायला गेली तेव्हा मी यंत्र उघडलं तर आत सेलच नाही. मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “ते कानात कुईं करतं. काढून टाकलाय सेल. सांगू नकोस हां तिला. यंत्र लावलेलं दिसलं की तिला वाटतं मला ऐकू येतं, मग ती बोलत बसते माझ्याशी. आधी बोलायची नाही. काय बोलते ते कळत नाही, पण बरं वाटतं.” मी सेल न घालताच यंत्र पुसून दिलं. हे काम म्हणून चूक की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंजुळा आली ती पावसाळ्यात. महापालिकेच्या शाळेतून बाईंची चिठ्ठी होती. ‘हाक मारली तर पाहत नाही, प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही, ऐकू येत नसावे.’ हिराबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, सकाळी बाजारात मासे विकून थेट आलेल्या. अंगाला मासळीचा वास होता. बर्वेबाईंनी खिडकी उघडली. हिराबाईंच्या ते लक्षात आलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

“नाव काय मुलीचं?”

“मंजुला.”

मी कागदावर ‘मंजुळा’ असं लिहिलं. दुरुस्त करून लिहिलं याचं मला छोटंसं समाधान वाटलेलं आठवतं.

मग ठरलेले प्रश्न. कान फुटतो का, घरात कुणी बहिरं आहे का, मोठा ताप आला होता का, कानाला मार लागला होता का. हा शेवटचा प्रश्न मी दिवसातून वीस वेळा विचारायचे, बस कुठे थांबते असं विचारावं तसा. हिराबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “मी मारलंय बाय. भरती आलती आन ही होरीवर चरून बसली, सुटलेली होरी. माजं काल्जात धस झायलं. खेचून आनली आन दिली एक कानाखाली. जोरात बसली.” मग त्यांनी मला विचारलं, “त्येनं झायलं असल काय?”

मला ‘होरी’ म्हणजे होडी हे संदर्भानं कळलं, म्हणजे कळत होतं. पण मी ते ऐकलं नाही, नुसतं समजून घेतलं. मी म्हटलं, “डॉक्टर सांगतील.” आणि कागदावर इंग्रजीत लिहिलं, कानावर मार बसल्याचा इतिहास.

तपासणी केली. पोरीला सर्दी होती, नाक वाहत होतं, शिट्ट्या थोड्या कमी ऐकू आल्या. ते सर्दीनं होतं. पण शब्दांत पंचवीसपैकी तेराच. घोडा म्हटलं तर घोरा. डोळा म्हटलं तर डोला. पाणी, पानी. गाडी, गारी. खडू, खरू. मी प्रत्येक शब्द दोनदा म्हणून पाहिला, दुसऱ्यांदा जास्त सावकाश, ओठ स्पष्ट हलवत. ती माझ्याकडे बघून तेच परत म्हणायची, थोडं घाबरून, थोडं मोठ्यानं. मी फुली मारायचे.

डॉक्टरांनी सर्दीचं औषध दिलं आणि शब्दांचे आकडे बघून भुवया उंचावल्या. “इतके कमी? लावून बघू या मशीन, सौम्य.”

कानाचं यंत्र हिराबाईंना परवडणारं नव्हतं. इथे मी ते काम केलं, ज्याचा मला फार अभिमान होता. कुणाशी न बोलणारी मी एका मंडळाच्या कार्यालयात तीनदा गेले, अर्ज लिहिला, त्यांच्या चिटणीसांसमोर उभी राहून घोगऱ्या आवाजात मुलीबद्दल सांगितलं. यंत्र मिळालं. खिशात ठेवायची डबी, तिच्यापासून कानापर्यंत वायर. फ्रॉकला खिसा नव्हता, म्हणून बर्वेबाईंनी घरून कापडाची पिशवी शिवून आणली, गळ्यात अडकवायला. आम्ही दोघींनी ती तिच्या गळ्यात घातली. हिराबाई रडल्या. त्या आठवड्यात त्यांनी मला सुका जवळा आणून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. “तुमचे आयला द्या.” बर्वेबाईंनी पुन्हा खिडकी उघडली. माझ्या आईनं त्या जवळ्याची चटणी केली आणि बाबांना सांगितलं, आपली मुलगी बघा किती पुण्याचं काम करते.

दहा महिने ती पोर ती डबी गळ्यात घालून शाळेत गेली. शाळेत तिला काय म्हणत असतील ते मी विचारलं नाही. मधून मधून ती यायची, मी यंत्राचा कानात बसणारा साचा पुसून द्यायचे, ती काही बोलायची नाही. पहिल्या वेळी निदान घोरा म्हणाली होती. नंतर विचारलं तर मान हलवायची. ही बहिरेपणाचीच पुढची पायरी, असं मी नोंदलं.

एप्रिलमध्ये शाळेनं कळवलं की मुलगी वर्गात मुळीच बोलत नाही, तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेत पाठवावं. तशी शाळा दुसऱ्या जिल्ह्यात होती, तिथेच राहायची सोय. अर्जासोबत आमचा रिपोर्ट हवा. हिराबाई मुलीला घेऊन आल्या. त्या दिवशी मी तिला यंत्र काढून तपासलं. सर्दी नव्हती, शिट्ट्या लख्ख ऐकू आल्या, माझ्यापेक्षा चांगल्या. शब्द मात्र तेवढेच, तेरा. बर्वेबाईंनी कागद पाहिला आणि हळहळून म्हणाल्या, “म्हणजे नसेचंच आहे गं. पाठवायलाच हवी.” रिपोर्ट घेऊन मी दाराशी आले आणि ते वाक्य ऐकलं.

खुर्चीत बसल्यावर मी बारा फुल्यांचे शब्द एकाखाली एक पुन्हा लिहून काढले. घोडा, डोळा, पाणी, केळं, गाडी, शाळा, नळ, माळ, वडा, कणीस, फळा, खडू. बरोबर आलेल्या तेरा शब्दांत ना ड, ना ळ, ना ण. एकाही शब्दात नाही. हे मी दहा महिन्यांत दोनदा लिहिलं होतं आणि माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

ही बोली मी ऐकलेली नव्हती असं नाही. डोंबिवलीच्या बाजारात आई कोळणींकडून मासे घ्यायची, मी पिशवी धरून दोन पावलं लांब उभी. त्या बोलायच्या ते मला बाजाराच्या कलकलाटात जायचं. त्या काही म्हणतायत असं वाटायचं, शब्द म्हणतायत असं वाटायचं नाही.

आमच्याकडे कपाटात चित्रांचे पत्ते होते, अजून बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी. शब्द ऐकला की चित्रावर बोट ठेवायचं. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना ते वापरत नसू. मी ते काढले, दार उघडलं आणि मंजुळाला आत बोलावलं. या वेळी काचेपलीकडे नाही, माझ्या टेबलाशी. तोंडासमोर फाईल धरली, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “घोडा.”

तिनं लगेच बोट ठेवलं. घोड्यावर.

नळ. नळावर. माळ. माळेवर. खडू. खडूचं चित्र फारसं बरं नव्हतं, तरी खडूवर. पंचवीस म्हटले, पंचवीस दाखवले. शेवटचा झाल्यावर तिनं माझ्या पेनाकडे पाहिलं आणि विचारलं, “आता बराबर?”

“बरोबर,” मी म्हटलं. “सगळे.”

“मंग मगाशी?”

मी यंत्राची डबी हातात घेतली, उगाच. बटण बंद होतं. “हे कधी बंद केलंस?”

ती दाराकडे बघून, आई ऐकत नाही याची खात्री करून म्हणाली, “मी चालूच नाय करत. कानात बोंब मारतं ते.” मग घाईनं, “आयला नको सांगू हां.”

यंत्र काढून ठेवणाऱ्या, बंद करणाऱ्या मुलांना मी किती वेळा रागावले होते. या मुलीनं दहा महिने माझं ऐकलं नाही म्हणून तिचे कान धड राहिले. धडधाकट कानात रोज तो मोठा आवाज जात राहिला असता तर काय झालं असतं ते मला पक्कं माहीत होतं, तेच तर माझं शिक्षण होतं.

मी बर्वेबाईंना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. शब्दांची यादी त्यांनीच पंधरा वर्षांपूर्वी शाळेच्या पुस्तकांतून केलेली होती. त्यांनी यादीवरून एकदा बोट फिरवलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

“अगं, तू काय मुद्दाम केलंस का?”

“नाही.”

“मग? यंत्रासाठी किती धावपळ केलीस तू. तुझ्या मनात त्या पोरीचं भलंच होतं. माझ्याही. त्याला काही किंमत आहे की नाही?”

मी यादी टेबलावर ठेवली.

“असं कर,” त्या म्हणाल्या, “नवा रिपोर्ट लिही. तपासणीत लक्षणीय सुधारणा, यंत्राची आता गरज नाही. डॉक्टर सही करतील, मी बोलते त्यांच्याशी. पोर घरी राहील, शाळेचा प्रश्न मिटला, आई खूश. कुणाचं नुकसान आहे यात? उगीच त्या बाईचा विश्वास कशाला उडवायचा? उद्या कोळीवाड्यातलं दुसरं कुणी येणार नाही इथे, ज्याला खरंच गरज आहे तोसुद्धा.”

त्या वाईट बाई नव्हत्या. हे मला आवर्जून लिहायचं आहे. त्या म्हणत होत्या ते सगळं खरं होतं, आणि कापडाची पिशवी त्यांनीच शिवली होती. मी टाईपरायटरवर कागद चढवला आणि लिहिलं. इंग्रजीत, नेहमीप्रमाणे. आमचे सगळे रिपोर्ट इंग्रजीतच असायचे. फार सुंदर, गोल वाक्य झालं होतं ते, ‘सुधारणा’ या शब्दाभोवती फिरणारं. माझ्या शाळेतल्या बाईंनी शाबासकी दिली असती. हिराबाईंना त्यातलं अक्षर वाचता येणार नव्हतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. मंजुळा त्याच शाळेत राहिली. तिचं एक वर्ष गेलं, ते मात्र परत आलं नाही. शाळेतल्या बाईंना मी स्वतः जाऊन भेटले. मुलगी गप्प का बसते हे शोधायला फार वेळ लागला नाही, ती बोलली की वर्ग हसायचा. आमची यादी बर्वेबाईंनी आणि मी बदलली. हिराबाई आणि कोळीवाड्यातल्या आणखी दोघी येऊन बसल्या, आम्ही शब्द म्हणायचो, त्या म्हणून दाखवायच्या आणि आमच्या उच्चारांना पोट धरून हसायच्या. आता कागदावर एक जास्तीचा रकाना आहे, घरी हा शब्द कसा म्हणतात त्याचा. कोळीवाड्यातली माणसं यायची थांबली नाहीत. हिराबाई मात्र त्यानंतर जवळा आणायच्या थांबल्या, बरेच महिने. मग एकदा आणला. आणि मंजुळा परवा बारावी झाली. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन बाहेर आले. हिराबाई उठून उभ्या राहिल्या.

“काय झायलं बाय? जायाला लागल काय पोरीला?”

“नाही,” मी म्हटलं. “नाही जायला लागणार. ती इथेच राहील.”

त्यांना एकदम कळलं नाही. मग त्या बाकावर बसल्या, मुलीला जवळ ओढलं, तिच्या गळ्यातली पिशवी नीट केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमचे मशिनीना केलं हां. तुमीच केलं. मी मारलं आन तुमी कान परत दिलं. या हाताना मी दहा म्हैने तिला जेवाला वारतंय, आन परतेक येली वाटतं, याच हाताना.”

त्यांनी तो हात उचलून दाखवला. खवल्यांनी कापलेला, बोटांत मीठ भरून फाटलेला.

रिपोर्ट माझ्या हातात होता. तो दिला असता तर मुलगी घरी राहिली असती, अगदी बर्वेबाई म्हणत होत्या तसं. आणि तो हात तसाच राहिला असता. ‘सुधारणा’ म्हणजे आधी बिघाड होता, आणि बिघाड होता म्हणजे तो कुणीतरी केलेला होता. त्या बाईनं पोरीला खाडीतून वाचवायला मारलं होतं आणि दहा महिने स्वतःला त्याची माफी दिली नव्हती. मनात काय होतं हे तिनं एकदाही पुढे केलं नव्हतं. तिनं फक्त हाताकडे पाहिलं होतं. मी मात्र माझ्या धावपळीकडे, माझ्या अर्जाकडे, माझ्या चांगल्या मनाकडे पाहत आले होते, आणि तिच्या अपराधावर माझ्या अक्षरात शिक्का मारलेला होता.

मागे दारात बर्वेबाई आल्याचं मला जाणवलं. मी कागदाची घडी घातली. हिराबाईंसमोर खाली बसले, जमिनीवर, म्हणजे मंजुळाचा चेहरा माझ्या समोर आला. तिनं मान हलवली, बटणाचं सांगू नको म्हणून. इंग्रजीत मला पुष्कळ वाक्यं सुचत होती, ती एकेक करून सोडून दिली.

“हिराबाई,” मी म्हटलं, आणि आवाज फाटला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, “हिराबाई, तुमच्या हातानं काही झालं नाही. मंजुलाला पहिल्यापासून ऐकू येत होतं. मला येत नव्हतं.”